संत्र्याच्या फुलांचं पाणी

सुनेत्राबाई पांढरीपांडे यांनी नोकरीची सगळी वर्षं नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे ट्रंककॉल जोडून देण्यात काढली. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही असा तिथे कडक नियम होता आणि तो सगळ्याजणी पाळत, म्हणजे जेवढा पाळता येतो तेवढा. कान काही घरी ठेवून कामावर जाता येत नाही. त्यामुळे पलीकडचा माणूस नुसता 'हॅलो' म्हणाला तरी बातमी बरी की वाईट हे बाईंना कळू लागलं. कुणी "अण्णा सीरियस आहेत, ताबडतोब निघा" असं सांगू लागलं, की अण्णा गेले हे ज्याला सांगितलं जातंय त्याला सोडून सगळ्या एक्स्चेंजला समजायचं. माणूस घरी पोचेपर्यंत त्याला आशेवर ठेवायचं, अशी ती रीत. बाईंना ती तेव्हा शहाणपणाची वाटायची.

अशा या बाई २०२०च्या फेब्रुवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी आयर्लंडला आल्या. लेक अश्लेषा आणि जावई सारंग दोघेही डब्लिनच्या कंपन्यांत सॉफ्टवेअरमध्ये. डब्लिनचे भाव झेपेनात म्हणून त्यांनी ड्रोहेडाला घर घेतलं होतं. बाईंनी बॅगेत डिंक, खारीक, आळीव, सुंठ, बाळंतशोपा असं सगळं ठासून भरून आणलं, आणला नाही तो फक्त नवरा. पुरुषोत्तमरावांना थंडी सोसत नसे आणि परक्या हातचं जेवण त्याहून सोसत नसे. "तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "तू जाऊन ये. मी खिचडी खाऊन राहतो."

त्या वर्षी ठरवलेल्या तीन महिन्यांचं काय झालं ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. मार्चमध्ये गुंजन जन्मली, बाईंनी तिला न्हाऊमाखू घालायला सुरुवात केली आणि विमानं बंद पडली. मे महिन्याचं परतीचं तिकीट रद्द झालं. मग रोजचा व्हिडिओ कॉल तेवढा उरला. इथल्या जेवणाच्या वेळी तिथे पुरुषोत्तमरावांचा संध्याकाळचा चहा असे. ते फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवत, त्यामुळे बाईंना नवऱ्याची हनुवटी, बनियन आणि मागचं कॅलेंडर एवढंच दिसे.

"काय करून राहिली?" ते विचारत.

"तुमची हनुवटी पाहून राहिली. फोन जरा वर करा नं."

आता यात प्रेम कुठे आलं असं कुणी विचारेल. पण लग्नाला चाळीस वर्षं उलटल्यावर प्रेम असंच दिसतं, हनुवटीपासून सुरू होतं.

शेजारच्या घरात एक सीरियन कुटुंब राहायचं. आई, मुलगा, सून आणि नातवंडं. आई बाईंच्याच वयाची, डोक्याला रुमाल, चालणं संथ. दोघींची ओळख म्हणजे कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना मान हलवण्याएवढी. मे महिन्यात ईदच्या सकाळी त्या बाईने दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवर एक तबक ठेवलं, ठरलेल्या अंतरावर मागे सरकली आणि छातीवर हात ठेवून उभी राहिली. तबकात छोटे छोटे नक्षीदार घुमट होते, वर पिठीसाखर भुरभुरलेली.

सुनेत्राबाई हरखल्या, पण पांढरीपांड्यांच्या सून होत्या. त्यांनी आधी विचारलं, "अंडं?"

"नाही अंडं," ती बाई म्हणाली. "सेमोलिना. तूप. खजूर."

बाईंनी एक फोडला, बोटांत चुरला आणि घरात वळून हाक मारली, "अगं अशू, हा तर आपला रवा आहे!"

पण रव्याच्या मागून आणखी काहीतरी आलं. बाईंनी तो तुकडा नाकाशी नेला आणि तशाच उभ्या राहिल्या. कुठला वास ते कळेना, पण ओळखीचा होता. त्यांनी खुणेनं विचारलं, हा वास कसला? ती आत जाऊन एक बाटली घेऊन आली. संत्र्याच्या फुलांचं पाणी.

मग बाईंना आठवलं. पुरुषोत्तमरावांच्या घरची काटोलला संत्र्याची बाग होती. लग्न होऊन त्या पहिल्यांदा तिथे गेल्या तेव्हा आंबिया बहार फुलला होता. घरात पाहुणे मावत नव्हते, नवऱ्याशी धड बोलायलाही कोपरा नव्हता, तेव्हा ते त्यांना बाग दाखवतो म्हणून घेऊन गेले आणि तिथेही काही बोलले नाहीत. दोघं त्या वासात नुसते चालले. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, पाणी आटलं, बाग विकली गेली. तो वास त्यानंतर बाईंना कुठे भेटला नव्हता. तो ड्रोहेडात, एका सीरियन बाईच्या बाटलीत भेटला.

त्या दिवशी फोनवर त्या म्हणाल्या, "अहो, काटोलचा बहार सापडला. बाटलीत भरून ठेवलाय."

पुरुषोत्तमरावांनी फोन पहिल्यांदाच नीट वर उचलला. सगळा चेहरा दिसला. "खरंच? मग येताना घेऊन ये. आणि त्या पाण्याचं जे काय करतात, तेही."

बाई येताना घेऊन जाणार होत्या. त्या दिवसापासून परत जायचं म्हणजे नुसतं परत जायचं राहिलं नाही.

शेजारणीचं नाव हियाम. सुनेत्राबाईंनी त्याचं आठवड्याभरात हियामताई करून टाकलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं म्हणून तबकातून रव्याचे लाडू गेले, लाडवांच्या डब्यातून चौकोनी तुकड्यांचा बसबूसा आला. तो रव्याचाच, पाकात मुरवलेला, प्रत्येक तुकड्यावर बदाम टोचलेला. दोघींचं इंग्रजी एकत्र केलं तर जेमतेम एकीपुरतं व्हायचं, पण रव्याच्या बाबतीत भाषेची फार गरज पडत नाही. उन्हाळ्यात अंगणात भेटायची मुभा मिळाली तशी हियामताईंनी टेबल बाहेर मांडलं आणि मामूल, म्हणजे ते ईदचे घुमट, शिकवायला घेतले. रव्याला तूप चोळून रात्रभर झाकून ठेवायचं. बाई म्हणाल्या, मोहन. सकाळी संत्र्याच्या फुलांच्या पाण्यात तो मळायचा, पारी करून सारण भरायचं. बाई म्हणाल्या, करंजीसारखं. मग लाकडी साच्यात दाबून साचा टेबलाच्या कडेवर आपटायचा, की नक्षी उमटलेला मामूल हातात पडतो. इथे बाईंना काही म्हणता येईना. त्यांच्या हातून पहिले सगळे मोडले.

साचे तीन होते. घुमटाचा आक्रोडासाठी, लांबट पिस्त्यासाठी, चपटा खजुरासाठी. "न फोडता कळलं पाहिजे आत काय आहे," हियामताई म्हणायच्या. "पाहुण्याला विचारावं लागू नये." भाजून निवले की वर पिठीसाखर. खजुराच्याला खरं तर साखर लागत नाही, पण सणाला त्या त्यावरही भुरभुरायच्या. सण म्हणजे साखर, असं त्यांचं सरळ गणित होतं.

दिवाळी आली तेव्हा पुन्हा सगळं बंद होतं. तरी बाईंनी चकल्या, करंज्या, अनारसे केले आणि ताट भिंतीपलीकडे दिलं. दोघी कोट घालून, आपापल्या अंगणात खुर्च्या टाकून थंडीत बसल्या. हियामताईंनी करंजी खाल्ली. मग आपणहून सांगू लागल्या. सीरियात, होम्समध्ये त्यांचा नवरा गेला, त्या वर्षीच्या ईदला त्यांनी मामूल केले नाहीत. ज्या घरी माणूस जातं तिथली बाई त्या वर्षी रव्याला हात लावत नाही. शेजारणीही तिला साचे घेऊन बोलवत नाहीत. तिचे हात मोकळे ठेवायचे. ईदच्या सकाळी गल्लीतल्या बायका तबकं घेऊन येतात. वर साखर नसते. सोबत कॉफी, तीही बिनसाखरेची, कडू. कुणी बोलत नाही. ठेवतात, जवळ बसतात, जातात.

"आमच्याकडे तेच," सुनेत्राबाई म्हणाल्या. "वर्षभर सण नाही. दिवाळीला कढई चढत नाही. शेजारचे फराळ आणून देतात." सासूबाई गेल्या त्या वर्षी घरात इतका फराळ आला होता की पुरुषोत्तमराव म्हणाले, आई असती तर एवढ्या चकल्यांना नावं ठेवायला तिला महिना पुरला नसता. बाईंनी हे सांगायचा प्रयत्न केला, पण इंग्रजी तिथवर पोचलं नाही. हियामताई तरीही हसल्या.

नव्या वर्षाच्या जानेवारीचं तिकीट मिळालं. बाईंनी बटर बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा घेतला आणि हियामताईंच्या देखरेखीखाली स्वतः केलेले मामूल त्यात कागदाच्या थरांत रचले. खजुराचे जास्त, कारण पुरुषोत्तमरावांच्या दाढा आक्रोडाच्या कामाच्या राहिल्या नव्हत्या. संत्र्याच्या फुलांच्या पाण्याची एक छोटी बाटली पायमोज्यात गुंडाळून बॅगेत तळाशी ठेवली. आणि मग नाताळानंतर इथे आजार इतका भडकला की गुंजनला ज्या पाळणाघरात घालायचं ठरलं होतं, तेच बंद झालं.

अश्लेषा स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडली. दोघांची कामं घरून, मीटिंगा सकाळपासून, पोर रांगतं. "आई, फक्त क्रेश उघडेपर्यंत. प्लीज."

बाईंना जायचं होतं. हे त्यांनी लेकीला सांगितलं नाही, पण जीव नागपूरला धाव घेत होता. त्यांनी नवऱ्याकडे फोनवर पाहिलं, की हे तरी म्हणतील, नको, ये तू.

"राहा," पुरुषोत्तमराव म्हणाले. "वर्ष काढलं, दोनचार महिने काय घेऊन बसली. लेकराकडे पाहा. अन् फुलांचं पाणी काही नासत नाही म्हणतेस नं?"

"नाही नासत."

"मग झालं तर."

तिकीट रद्द झालं. डब्यातले मामूल घरात संपले. सारंगनेच बरेचसे खाल्ले, तो ते मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून खायचा. बाईंनी डबा धुऊन पुसून कपाटावर ठेवून दिला. यथावकाश पाळणाघर उघडलं, मेच्या तिसऱ्या आठवड्याचं नवं तिकीट काढलं गेलं, आणि हियामताईंनी भिंतीपलीकडून जाहीर केलं, की या ईदला सुनेत्रा माझ्या टेबलाशी बसेल, सगळे चपटे ती करेल, आणि तिच्या नवऱ्याचा डबा भरल्यावरच माझ्या पाहुण्यांना मिळेल.

त्या वर्षी पाडवा आणि रमजानचा पहिला रोजा जवळजवळ एकदमच आले. बाईंनी खिडकीत छोटीशी गुढी उभारली. नागपुरातून मात्र येणारा प्रत्येक फोन वाईट होता. रुग्णालयात जागा नाही, ऑक्सिजन नाही, अमका गेला, तमका गेला. पाडव्यानंतर काही दिवसांनी पुरुषोत्तमरावांना ताप आला. चुलतभाऊ बाळासाहेब त्यांचं पाहत होते. फोन पुन्हा साखरेच्या डब्याला टेकलेला, पुन्हा हनुवटीच.

"जेवलात?"

"जेवलो. चव नाही. वासही नाही कशाचा. बाळासाहेबाने कापूर धरला नाकाशी, काही नाही." ते दमल्यासारखे थांबले. "ती बाटली तू आता आणली तरी काय उपयोग, मले काही कळणार नाही."

"येतो हो वास परत. सगळ्यांचा येतो. मी येईस्तोवर येईल."

"येईल म्हणतेस?"

"येईल म्हणजे येईलच."

दुसऱ्या दिवशी त्यांना रुग्णालयात हलवलं. आत फोन चालत नव्हता. बातमी द्यायला बाळासाहेबच. ते बाहेर उभे राहून जेवढं कळेल तेवढं कळवत. पहिले काही दिवस बाळासाहेब घडाघडा बोलायचे, डॉक्टरांना शिव्या द्यायचे, नर्सचं कौतुक करायचे. मग एके दिवशी ते म्हणाले, "वहिनी, तब्येत... स्थिर आहे." त्यानंतर ते रोज तेवढंच म्हणू लागले आणि शिव्या द्यायचे थांबले. फोनही बाईंच्या फोनवर यायचे बंद झाले, सारंगच्या फोनवर येऊ लागले. अश्लेषाचे डोळे सुजलेले दिसत. "हे-फीवर आहे, आई," ती म्हणे, "इथे या दिवसांत फुलांच्या परागांनी सगळ्यांना होतं. आय'म ग्रँड, मला काही झालेलं नाही." बाई उठायच्या आधी सारंगचा कुकर लागलेला असे. जावई पहाटे कुकर लावू लागला तर कुठल्याही सासूने खडसावून विचारायला हवं. बाईंनी नाही विचारलं.

इतक्या वर्षांचा कान सांगत होता. 'स्थिर'च्या आधीचा तो श्वास बाईंनी हजारदा ऐकला होता, दुसऱ्यांच्या फोनवर. पण या वेळी त्यांनी कानाला गप्प बसवलं. विचारलं नाही तर कुणी सांगत नाही, आणि सांगितलं नाही तोवर माणूस आहे. त्या रोज सकाळी आंघोळ करून टिकली लावत, देवापुढे बसत आणि वास परत येऊ दे एवढंच मागत. जणू वास आला की बाकी सगळं मागोमाग येणार होतं.

अशात ईद जवळ आली आणि हियामताईंचं बोलावणं आलं नाही. बाईंनी एप्रन इस्त्री करून ठेवला. निळा डबा पुन्हा धुऊन पुसून टेबलावर काढला. ईदच्या दोन दिवस आधी पलीकडून भाजलेल्या तुपारव्याचा वास येऊ लागला, साचा आपटल्याचा आवाज येऊ लागला, तरी कुणी हाक मारेना. संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यापाशी दोघी समोरासमोर आल्या. हियामताईंनी छातीवर हात ठेवला, मान खाली घातली आणि न बोलता घरात निघून गेल्या.

सुनेत्राबाईंना ते फार लागलं. त्या आठवड्यात टीव्हीवर दिवसभर भारतातला नवा विषाणू, भारतातले मृतदेह, भारतातून येणाऱ्यांवर बंदी. बाईंनी त्याचा अर्थ लावला. "घाबरतात आपल्याला," त्या भांडी घासता घासता म्हणाल्या. "मी वर्ष झालं, या गल्लीच्या बाहेर गेले नाही. पण नाव भारताचं नं. वेळ आली की माणूस कळतो." सारंग काहीतरी बोलायला वळला आणि त्याने नुसता नळ मोठा सोडला. बाई दुसऱ्या दिवशीही रागातच होत्या. खरं सांगायचं तर राग त्यांना बराच सोयीचा पडत होता, कारण तेवढा वेळ दुसरा विचार येत नव्हता.

ईदच्या सकाळी बेल वाजली. दारात हियामताई. अंगात काळा साधा झगा, सणाचा कपडा नाही. हातात पांढऱ्या फडक्याने झाकलेलं मोठं तबक, काखेत थर्मास.

"ईद मुबारक," सुनेत्राबाई म्हणाल्या, आणि आवाजात थोडा फणकारा येऊ दिला.

हियामताईंनी उत्तर दिलं नाही. त्या बाजूच्या वाटेने मागच्या अंगणात आल्या, बाकावर तबक ठेवलं आणि बाईंना हाताला धरून शेजारी बसवलं. वर्षभरात त्यांनी एकमेकींना हात लावला नव्हता. मग छोट्या कपात कॉफी ओतून बाईंच्या हातात दिली. बाईंनी घोट घेतला. कॉफी कडू होती.

हियामताईंनी फडकं काढलं. तबकभर मामूल होते, घुमटाचे, लांबट, चपटे, सगळे सुबक. एकावरही साखर नव्हती.

बाईंनी तबकाकडे पाहिलं. मग शेजारणीच्या काळ्या झग्याकडे. आपल्याला टेबलाशी का बोलावलं नाही हे त्यांना कळलं. ती घाबरली नव्हती. तिने सुनेत्राबाईंचे हात मोकळे ठेवले होते. दोन आठवडे जे घरातल्या चौघांच्या मधोमध झाकून ठेवलं होतं, ते या परक्या बाईने फडकं काढून समोर ठेवलं, आणि आता ते पुन्हा झाकता येणार नव्हतं. पुरुषोत्तमराव गेले.

हियामताई त्यांच्याकडेच पाहत होत्या, आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला. हिला माहीत नव्हतं, हे त्यांना तेव्हा उमगलं असावं. त्या हात मागे घेऊ लागल्या. सुनेत्राबाईंनी तो घट्ट धरला, कप तोंडाला लावला आणि कॉफी शेवटपर्यंत प्यायल्या. त्यांना त्या बाईला एवढंच सांगायचं होतं, की तू चुकली नाहीस, तूच एकटी रीतीने वागलीस. पण इंग्रजी तिथवरही पोचलं नाही. दोघी तशाच बसून राहिल्या. मग हियामताई उठल्या, बाईंच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या.

बाई तबक घेऊन स्वयंपाकघरात आल्या. अश्लेषा गुंजनला भरवत होती.

"अरे वा, आलं का ईदचं!" तिने आवाज उसना चढवला होता. "बघ, उगाच चिडली होतीस. पण हे काय, साखर घालायला विसरल्या वाटतं आंटी. थांब, प्रेसमध्ये आयसिंग शुगर आहे आपल्याकडे." ती इथल्यासारखं कपाटाला प्रेस म्हणायची. तिने ते उघडून साखरेचं पाकीट काढलं, चहाची गाळणी घेतली आणि तबकावर धरली.

बाईंनी तिचं मनगट धरलं. "राहू दे."

"अगं, थोडीशी. तुला आवडते ना..."

"यांच्यावर साखर घालायची नसते, अशू. तुझे बाबा कधी गेले?"

पाकीट हातातून सुटलं नाही, पण अश्लेषा खुर्चीत बसली. "बाळासाहेबकाकांनी केलं सगळं, आई. तेरावंही झालं."

तेरावंही झालं. म्हणजे दहावा झाला. पिंडाला कावळा शिवला का, ते पाहायला कोण होतं कोण जाणे. त्या दिवशी आपण काय करत होतो? गुंजनसाठी शिरा केला असेल. रोज टिकली लावली. डबा घासला, एप्रनला इस्त्री केली, शेजारणीवर रुसून बसलो. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी ते होऊ दिलं.

"तुझं बीपी किती वाढलं होतं, आई. आणि जाता तर येत नव्हतंच, हॉस्पिटलवाल्यांनी तर लगेच तिथूनच नेलं... कुणालाच जवळ जाऊ दिलं नाही. आम्ही म्हटलं, तुला नागपूरला नेताना सांगू. मी येणार होते तुझ्याबरोबर." अश्लेषा धापा टाकत बोलत होती. "मी भिंतीपाशी रडत होते तेव्हा आंटींनी पाहिलं, म्हणून त्यांना सांगितलं. पण मी बजावलं होतं, आईपाशी एक शब्दही काढू नका."

"नाही काढला," बाई म्हणाल्या. "एक शब्द नाही बोलली ती. तिला वाटलं, मला माहीत आहे, बोलायचं तेवढं नाही." मग त्यांचा आवाज फाटला. "अगं, मले रडू तर द्यायचं होतं नं. माझा माणूस होता तो. मी त्याले म्हटलं होतं, वास येईल परत."

"मी तुला थांबवलं जानेवारीत," अश्लेषा म्हणाली. "मीच थांबवलं."

थांबवलं होतं, हे खरंच होतं. पुढची कित्येक वर्षं दोघींमध्ये ते राहणार होतं, हेही खरं. पण समोर बसलेल्या लेकीचे खांदे किती उतरले आहेत, गळ्याशी हाडं कशी दिसताहेत, हे बाईंना त्या क्षणी दिसलं. तिचाही बाप गेला होता. ती नळ सोडून न्हाणीघरात रडली होती आणि बाहेर येऊन कॅमेऱ्यासमोर हसली होती. तिला कुणी जवळ घेतलं नव्हतं, कारण जिने घ्यायचं तिच्यापासूनच तर लपवायचं होतं.

"घास घेतलास का कुणाच्या हातचा?" बाईंनी विचारलं.

अश्लेषाने नाही म्हणून मान हलवली. माणूस गेलेल्या घरी शेजारपाजारचे आणून भरवतात तो कडू घास इथे कोण देणार होतं?

बाईंनी तबकातला एक चपटा मामूल उचलला, खजुराचा. मधोमध मोडला. "शेजाऱ्यांनी आणलेला आहे," त्या म्हणाल्या. "घे." आणि अर्धा लेकीच्या तोंडात घातला.

उरलेला अर्धा त्यांनी स्वतः खाल्ला. आधी रवा लागला, मग खजूर, आणि मग तो वास आला. पुरुषोत्तमरावांना शेवटी न आलेला तो सगळाच्या सगळा वास त्यांना आला, काटोलच्या बागेतला, आणि तेव्हा सुनेत्राबाई रडल्या.